वहिनींच्या दुकानात डेबियन १३

कॉम्प्युटर कुठेही अडला की आमच्याकडे सोलापुरात एकच इलाज सांगितला जातो: फॉरमॅट मारा. प्रिंट निघेना, फॉरमॅट. आवाज गेला, फॉरमॅट. दुरुस्तीवाला येतो, सगळं पुसून नव्याने भरतो, पैसे घेतो आणि निघून जातो. बिघाड नेमका कशाचा होता हे ना त्याला कळतं ना आपल्याला, त्यामुळे काही दिवसांनी तोच बिघाड पुन्हा दारात उभा. ही सवय मोडली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. म्हणून वहिनींच्या दुकानातल्या मशिनवर डेबियन १३ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकल्यावर सुरुवातीच्या दिवसांत काय काय अडलं आणि ते कसं सुटलं, हे सविस्तर लिहितोय. यातल्या एकाही अडचणीसाठी पुन्हा इन्स्टॉल करावं लागलेलं नाही.

दुकान कन्ना चौकाजवळ. ऑनलाइन फॉर्म, मराठी टायपिंग, झेरॉक्स, स्कॅनिंग. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे यंत्रमाग कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, स्कॉलरशिपचे फॉर्म भरायला येणारी पोरं. मशिन चौथ्या पिढीच्या आय-५ चं, ८ जीबी रॅम, मध्यंतरी एसएसडी घातलेली. चालायला ठणठणीत. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. दादा म्हणाला, नवीन मशिन घेऊ. चांगलं चालणारं यंत्र केवळ कागदावर बाद झालं म्हणून भंगारात टाकायचं, हे मला पटेना. घरी मी बऱ्याच वर्षांपासून डेबियन वापरतो. ते कुठल्याही कंपनीच्या मालकीचं नाही, जगभरातले स्वयंसेवक चालवतात. तेरावी आवृत्ती, ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आली. तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि त्यापुढे दोन वर्षं एलटीएस (वाढीव मुदतीचा सपोर्ट), म्हणजे दुकानाला पाच वर्षं सुरक्षेच्या अपडेटची चिंता नाही. डेस्कटॉप म्हणून एक्सएफसीई निवडला. हलका आहे आणि खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू अशी वहिनींच्या ओळखीची मांडणी त्यात करता येते.

विंडोज काढलं नाही. दुकानातलं डिजिटल सहीचं टोकन आणि अंगठ्याचं मशिन यांचे ड्रायव्हर आमच्याकडे फक्त विंडोजचेच होते, त्यामुळे ते एका बाजूला राहणारच होतं. डिस्कवर जागा मोकळी केली, विंडोजमधला फास्ट स्टार्टअप बंद केला. हे आधीच केलेलं बरं. नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्सला त्याच्या पार्टिशनवर काही लिहिता येत नाही. इन्स्टॉलेशनबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही, एक गोष्ट सोडून: इन्स्टॉलरला नेटवर्कच सापडलं नाही. पहिल्या डीव्हीडीची जवळपास ४ जीबीची फाइल घेतली होती, त्यात डेस्कटॉपसकट सगळं असतं, म्हणून नेटशिवाय पुढे गेलो.

पहिल्यांदा मशिन सुरू झालं, टर्मिनल उघडला, सुडो लावून, म्हणजे प्रशासकाचा अधिकार मागून, आदेश दिला, तर उत्तर आलं की हा वापरकर्ता सुडोच्या यादीत नाही. डेबियनचा हा जुना नियम आहे. इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड दिला, की पहिल्या वापरकर्त्याला सुडोचा अधिकार मिळत नाही. रूटचा पासवर्ड रिकामा सोडला तरच मिळतो. इथे बरेच नवखे अडकतात, कारण उपाय म्हणून रूट व्हायला जातात आणि तिथे 'ॲडयूजर' हा आदेशच सापडत नाही असा निरोप येतो. आदेश असतो, पण नुसतं 'एसयू' लिहून रूट झालात तर आदेश शोधायचा तुमचा जुनाच रस्ता (पाथ) कायम राहतो आणि त्या रस्त्यावर प्रशासनाच्या आदेशांचे फोल्डर नसतात. 'एसयू' पुढे एक जागा सोडून वजाचिन्ह द्यायचं. मग वापरकर्त्याला सुडो गटात घालायचं, लॉगआउट करून परत आत यायचं. संपलं.

आता वाय-फाय. राउटर वरच्या मजल्यावर, दुकानात केबल आलेली नाही, म्हणून एक छोटा यूएसबी डोंगल लावलेला आहे. विंडोजवर तो चालत होता. इथे नेटवर्कच्या चिन्हात वाय-फायचा पत्ताच नव्हता, आणि डेस्कटॉपवर मात्र एका सीडीचं चित्र आलं होतं. मशिनला सीडी ड्राइव्हच नाही! जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी दाखवणारा 'एलएसयूएसबी' चालवला. डोंगलच्या ओळीत सीडीरॉम मोड असे शब्द होते.

गंमत अशी आहे की असे स्वस्त डोंगल आधी स्वतःला सीडी म्हणूनच ओळख करून देतात. त्या खोट्या सीडीत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. विंडोज तो बसवतो, मग डोंगलला इशारा जातो आणि तो रूप बदलून वाय-फाय होतो. लिनक्समध्ये ड्रायव्हर बहुतेक वेळा कर्नेलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, असतो, त्याला ती सीडी नको असते, पण रूप बदलण्याचा इशारा कुणीतरी द्यावा लागतो. मी डेस्कटॉपवरच्या सीडीवर राइट क्लिक करून इजेक्ट केलं. चित्र गेलं, आणि 'एलएसयूएसबी'मध्ये तोच डोंगल आता वाय-फायच्या नावाने उभा होता.

तरीही नेटवर्क दिसेना. इथे सहसा माणूस कंटाळतो आणि इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह परत लावतो. मी सिस्टिमच्या नोंदी दाखवणाऱ्या 'जर्नलसीटीएल'ला वजा के देऊन कर्नेलचे निरोप उघडले आणि शेवटून वाचत वर गेलो. एक ओळ सापडली: फर्मवेअरची अमुक फाइल उघडता आली नाही, आणि शेवटी कंसात वजा २. हा आकडा फार कामाचा आहे. वजा २ म्हणजे त्या नावाची फाइल डिस्कवर नाही. म्हणजे ड्रायव्हर जागेवर होता, डोंगल ओळखलेला होता, फक्त चिपमध्ये भरायचा छोटा प्रोग्रॅम आलेला नव्हता. का आला नाही, तेही आता उलगडलं. डेबियनच्या सदस्यांनी २०२२ मध्ये केलेल्या मतदानानंतर त्याच्या इन्स्टॉलरमध्ये असे बंदिस्त फर्मवेअर सोबत येतात आणि जे हार्डवेअर दिसेल त्यापुरते तो बसवतो. पण इन्स्टॉलच्या वेळी आमचा डोंगल सीडी बनून बसला होता. इन्स्टॉलरने सीडी पाहिली आणि पुढे गेला.

फर्मवेअर आणायला नेट हवं, नेटला फर्मवेअर हवं. मधला मार्ग म्हणजे मोबाइल. फोन डेटा केबलने जोडला, यूएसबी टेदरिंग सुरू केलं, लगेच वायर्ड कनेक्शन आलं. अँड्रॉइड फोनच्या टेदरिंगला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, हे लिनक्स बसवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. नेट आलं, पण पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, आणणारा 'एपीटी' अजूनही डीव्हीडी घाला म्हणत होता. नेटशिवाय इन्स्टॉल केल्यामुळे पॅकेजेस कुठून आणायची त्या यादीत सीडीरॉमची एकच ओळ होती. तिच्यापुढे हॅश लावून ती गप्प केली आणि ट्रिक्सी, तिचे अपडेट आणि तिचे सुरक्षा अपडेट अशा तीन ओळी लिहिल्या, प्रत्येकीत मेनसोबत नॉन-फ्री-फर्मवेअर हा विभागही. मग फर्मवेअरचं पॅकेज आलं. जोडीला यूएसबी-मोडस्विच घेतलं, म्हणजे सीडी इजेक्ट करायचं काम दर वेळी आपोआप होतं. मशिन रीस्टार्ट केलं, वाय-फाय उभं राहिलं ते आजतागायत.

या आवृत्तीतला 'एपीटी ३.०' मला आवडला. नवीन येणारी पॅकेजेस हिरव्या रंगात दाखवतो, काढली जाणारी लाल रंगात. वहिनींना एवढंच सांगितलंय की लाल दिसलं तर हो म्हणू नका, मला फोन करा.

दुसरीकडे दादाने एकदा विंडोज उघडलं आणि पावतीवर वेळ सकाळची छापली गेली. दुपारचे चार वाजले होते आणि विंडोज साडेदहा दाखवत होतं. मशिनच्या बोर्डवर बॅटरीवर चालणारं एक घड्याळ असतं. लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवतो आणि स्क्रीनवर दाखवताना आपले साडेपाच तास मिळवतो. विंडोज मात्र त्या घड्याळातली वेळ स्थानिकच आहे असं धरून चालतो. फरक बरोब्बर साडेपाच तासांचा निघाला की कारण हेच, बोर्डची बॅटरी बदलायला धावू नका. 'टाइमडेटसीटीएल'ने बोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितलं. असं केलं तर तो आदेश एक इशारा छापतो, कारण उन्हाळ्यात घड्याळ पुढेमागे करणाऱ्या देशांत याने गोंधळ होतो. भारतात तसं काही करत नाहीत, त्यामुळे इथे चालून जातं.

आता ज्यासाठी ही सगळी खटपट, ती मराठी. वहिनी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांच्या ठरलेल्या कीबोर्ड मांडणीवर, टाइप करतात, आणि वेगाने करतात. इनस्क्रिप्टचा फायदा असा की विंडोज असो की लिनक्स, अक्षरांच्या जागा त्याच. मी सेटिंगमधून मराठीचा कीबोर्ड लेआउट जोडला, इंग्रजी पहिला ठेवला, ऑल्ट-शिफ्टने बदलायची सोय केली आणि खुर्ची त्यांना दिली. एन दाबला, ल आला. शिफ्ट-एन, ळ आला. शिफ्ट-जे, मग डी, मग य, आणि 'दुसऱ्या'मधला अर्धा र डौलात उमटला. मग त्यांनी नेहमीचा शब्द घेतला: प्रतिज्ञापत्र. 'प्रति'पर्यंत आल्या आणि थांबल्या.

"भाऊजी, ज्ञ येईना. शिफ्ट-पाचवर असतो ना तो?"

"आणि त्र?"

"शिफ्ट-सहा. तोही नाही."

अफिडेव्हिट टाइप करणाऱ्या बाईच्या हातातून ज्ञ आणि त्र काढून घेतले तर तिने काम कसं करायचं? ज तोडून ञ जोडून ज्ञ बनवता येतो, पण सवयीच्या बोटांना ते सांगण्यात अर्थ नव्हता. कारण असं आहे की डेस्कटॉपच्या साध्या लेआउटमध्ये एक कळ म्हणजे एकच युनिकोड अक्षर (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी जागतिक पद्धत). आपला ज्ञ दिसायला एक असला तरी आत तो ज, हलन्त आणि ञ असा तिघांचा मिळून बनतो. त्र, क्ष, श्र यांचंही तेच. एका कळीतून तीन अक्षरं सोडायला इनपुट मेथड, म्हणजे कळींची अक्षरं करून देणारा मधला प्रोग्रॅम, लागते. म्हणून आयबस आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज घेतलं, 'आयएम-कॉन्फिग'मध्ये आयबस निवडला, लॉगआउट करून परत आलो आणि एम१७एनमधली मराठी इनस्क्रिप्ट जोडली. लॉगआउट केल्याशिवाय हे लागू होत नाही. साधा लेआउट काढून टाकला, नाहीतर दोघांच्या भांडणात कधी हा चालतो कधी तो. प्रतिज्ञापत्र एका दमात टाइप झालं.

त्यानंतर वहिनींनी लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे कागद टाइप करायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये, अर्ज उघडला आणि म्हणाल्या, "हा ल हिंदीतला दिसतोय. आपल्यासारखा नाही." बरोबर होतं. मराठी ल दोन गोल पाकळ्यांचा असतो, हिंदी ल ला उभी काठी असते. श मध्येही असाच फरक आहे. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रमांक एकच. आजचे चांगले देवनागरी फॉन्ट, उदाहरणार्थ लोहित, दोन्ही आकृत्या पोटात ठेवतात आणि मजकुराची भाषा मराठी नोंदवलेली असेल तर मराठी आकृती देतात. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीची भाषा हिंदी धरलेली होती. टूल्समधून ऑप्शन्स, तिथे भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्टसाठी मराठी निवडलं. नव्या फाइलमध्ये ल आपला झाला. आधीच्या फाइल्समध्ये मात्र मजकूर निवडून त्याची भाषा बदलावी लागते, कारण ती भाषा मजकुरालाच चिकटून साठवली जाते. ही बाब बारीक वाटेल, पण छापील अर्जात परका ल बघून माझ्या डोळ्यांत खडा टोचल्यासारखं होतं, आणि वहिनींनी तो न सांगता हेरला याचा मला फार आनंद झाला.

जुन्या फाइल्समध्ये आणखी एक खाच निघाली. 'दुसऱ्या' शोधलं तर काही कागदांत सापडे, काहींत नाही, आणि दिसायला मात्र सगळीकडे सारखंच. पूर्वी काही जण हा अर्धा र ऱ वापरून काढत, काही जण साध्या र पुढे हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डोळ्याला एक, कॉम्प्युटरला दोन. शोधा आणि बदला वापरून नेहमीच्या नमुन्यांत सगळीकडे ऱ करून घेतला. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले नमुने तर निव्वळ चिन्हांचा ढीग दिसत होते. त्यातले रोज लागणारे वहिनींनी सरळ नव्याने टाइप केले.

आमच्या पूर्व भागात तेलुगू घराघरात आहे, आणि अक्कलकोटकडून येणाऱ्या गिऱ्हाइकांची कन्नडही कानावर असते. व्हॉट्सॲप वेबवर काही गिऱ्हाइकांची नावं नुसत्या चौकोनांत दिसत होती. डेबियनमध्ये देवनागरी, तेलुगू, कन्नड अशा लिप्यांच्या फॉन्टची वेगवेगळी एकत्र पॅकेजेस आहेत. ती तिन्ही घेतली, ब्राउझर बंद करून उघडला, चौकोनांच्या जागी नावं आली. सोलापुरात मशिन लावणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करून टाकावं.

प्रिंटरला मी घाबरत होतो, पण तो एक-दोन गोष्टींतच मार्गी लागला. वाय-फायवरचा मल्टिफंक्शन प्रिंटर ड्रायव्हर न मागता आपोआप सापडला. वहिनींच्या खात्याला प्रिंटरची सेटिंग बदलता यावी म्हणून 'एलपीॲडमिन' गटात घातलं. अर्जाच्या तळची सहीची ओळ कापली जात होती, कारण प्रिंटरच्या रांगेत कागद लेटर धरलेला होता. लेटर २७९ मिलिमीटर उंच, आपला ए४ २९७. रांगेच्या गुणधर्मांत ए४ केलं. स्पीकरचा आवाज मॉनिटरच्या केबलकडे जात होता, तो आवाजाच्या सेटिंगमध्ये बाहेरचा मार्ग बदलून आणला.

खरी परीक्षा झाली ती एका संध्याकाळी. अपडेट चालू होतं, नवा कर्नेल बसत होता आणि वीज गेली. यूपीएसची बॅटरी आधीच थकलेली, त्याने क्षणभरही धरलं नाही. वीज आल्यावर मशिन सुरू केलं तर काळ्या पडद्यावर ओळींची रांग आणि शेवटी कर्नेल पॅनिक: रूट फाइल सिस्टिम जोडता येत नाही. दादाने तिथल्या तिथे जाहीर केलं, "गेलं. आता फॉरमॅटच."

डिस्क ठीक असताना हा निरोप का येतो, याचा विचार केला तर वाट सापडते. कर्नेल सुरू होताना त्याला एक छोटी सुरुवातीची प्रतिमा लागते, इनिटरॅमएफएस. डिस्क वाचायला लागणारे ड्रायव्हर तीत असतात. नवा कर्नेल डिस्कवर उतरला होता, पण ही प्रतिमा बनत असताना वीज गेली. प्रतिमा नाही, म्हणून डिस्क जोडता येत नाही. आणि डेबियन नवा कर्नेल टाकताना आधीचा पुसत नाही. मशिन पुन्हा सुरू केलं, सुरुवातीला काय चालवायचं ते विचारणाऱ्या ग्रबच्या यादीत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडले, जुना कर्नेल निवडला. डेस्कटॉप आला, वहिनींच्या फाइल्स जशाच्या तशा. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमने आपलं जर्नल (बदलांची नोंदवही) पाहून डिस्कची घडी आधीच सावरली होती. मग 'एपीटी' चालवला, त्याने स्वतःच सांगितलं की पॅकेजेस बसवणारा डीपीकेजी मध्येच तुटलाय, 'डीपीकेजी'ला कॉन्फिगर आणि वजा ए देऊन चालवा. चालवला. अर्धवट राहिलेली पॅकेजेस एकेक करत लागली, इनिटरॅमएफएस तयार झाल्याची ओळ डोळ्यांसमोर उमटली. रीस्टार्ट, नवा कर्नेल, सगळं सुरळीत. दादाचा चहा संपायच्या आत.

दादाने दुसऱ्या दिवशी यूपीएसला नवी बॅटरी आणली. वहिनींना मी जुन्या कर्नेलने कसं सुरू करायचं ते दाखवून ठेवलं, आणि तो रस्ता त्यांनी काउंटरखालच्या वहीत मराठीत लिहून घेतला. त्या वहीत आता प्रत्येक बदलाची नोंद असते: काय अडलं, लॉगमधली कुठली ओळ दिसली, काय केलं.

ट्रिक्सीतला एक बदल दुकानदारांनी जपून घ्यावा. टीएमपी नावाचा तात्पुरता फोल्डर आता डिस्कवर नसून रॅममध्ये असतो, त्यामुळे रीस्टार्ट झालं की तो रिकामा होतो, आणि दहा दिवसांपेक्षा जुनं तिथलं सगळं आपोआप पुसलं जातं. स्कॅन केलेले कागद तिथे राहून गेले तर मिळणार नाहीत. वहिनींसाठी स्कॅनचा वेगळा फोल्डर केला आणि स्कॅनिंगच्या प्रोग्रॅमला तोच पत्ता दिला.

सही आणि अंगठ्याची कामं अजून विंडोजवरच चालतात. तेवढ्यापुरतं ते उघडतो, काम झालं की बंद. एरवी त्यावर ब्राउझिंग नाही. टोकनसाठी लिनक्सचा ड्रायव्हर मिळावा म्हणून विक्रेत्याला लिहिलंय, उत्तराची वाट बघतोय. दुकानातलं दुसरं मशिन गड्ड्याची जत्रा (सिद्धेश्वराची यात्रा) आटोपली की हाती घ्यायचं ठरलंय. त्याला आधी केबल ओढून घेणार आहोत, म्हणजे इन्स्टॉलरला सुरुवातीलाच नेट मिळेल.